लिंक ‘अप’ आहे, तरी नेटवर्क संथ का? मॉनिटरिंग नीट कसं बसवावं

पिंगला (‘आहेस का?’ विचारणाऱ्या छोट्या पॅकेटला) उत्तर आलं म्हणजे डिव्हाइस जिवंत आहे, इतकंच कळतं. पोर्टवर पॅकेट गळतायत का, सीपीयूची दमछाक होतेय का, हे कळायला एसएनएमपी (डिव्हाइसला आकडे विचारण्याचा प्रोटोकॉल) लागतं.

आधी यादी करा: कोअर स्विच, राउटर, फायरवॉल, इंटरनेटच्या लाइन, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) आणि डीएचसीपी (डिव्हाइसना आयपी पत्ते वाटणारा) सर्व्हर. प्रत्येक डेस्कच्या पोर्टवर पाळत नको. अपलिंक (स्विचला पुढच्या स्विच किंवा राउटरशी जोडणारी लिंक) आणि सर्व्हरचे पोर्ट पुरे. पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये पलीकडे काय जोडलंय ते आत्ताच लिहा. ‘पोर्ट २४ डाउन’ एवढ्या मेसेजवरून मध्यरात्री कुणालाही काही उमगत नाही.

मग डिव्हाइसवर एसएनएमपीची तिसरी आवृत्ती सुरू करा: ऑथेंटिकेशन आणि एन्क्रिप्शनसह, परवानगी फक्त वाचण्याची. दुसऱ्या आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, उघड्या मजकुरात जाते. जुन्या डिव्हाइसमुळे तीच वापरावी लागली तर निदान ‘पब्लिक’ ही नेहमीची स्ट्रिंग बदला. मॉनिटरिंग सर्व्हरकडून डिव्हाइसकडे यूडीपी १६१ आणि उलट दिशेने ट्रॅपसाठी (डिव्हाइसने आपणहून पाठवलेल्या सूचनेसाठी) १६२ उघडा. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर म्हणून झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही चालतील.

खरी गफलत होते ती काउंटरमध्ये. ३२ बिटांचा बाइट काउंटर (पोर्टवरून गेलेले बाइट मोजणारा) १ जीबीपीएसच्या भरलेल्या लिंकवर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. तो पाच मिनिटांनी वाचलात तर मधे किती फेऱ्या झाल्या ते कळत नाही आणि ग्राफ भलताच कमी दिसतो. म्हणून ६४ बिटांचेच काउंटर घ्या. सरासरीही फसवते: ३०० सेकंदांतली ३० सेकंदं लिंक तुडुंब भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर ग्राफ १० टक्के दाखवतो. युजर मात्र त्याच ३० सेकंदांबद्दल ओरडत असतो. अपलिंक दर ६० सेकंदांनी वाचा आणि सोबत डिस्कार्डचा (टाकून दिलेल्या पॅकेटचा) काउंटर ठेवा.

एररचा एकूण आकडा बघून घाबरू नका, तो कित्येक महिन्यांचा साठलेला असू शकतो. वाढतोय का ते पाहा. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचं मॉड्यूल) तपासा. लेट कोलिजन (उशिरा झालेली पॅकेटची टक्कर) दिसले तर बहुधा डुप्लेक्स जुळत नाही (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने): एका टोकाला ऑटो, दुसऱ्या टोकाला हातानं लावलेलं फुल, अशा वेळी ऑटोवालं टोक हाफवर उतरतं. सीआरसी नाही पण डिस्कार्ड वाढतायत, तर बहुतेक वेळा लिंक अपुरी पडतेय. तिथे केबल बदलून काही होणार नाही.

अलर्ट लावायची घाई नको. दोन आठवडे नुसती आकडेवारी गोळा होऊ द्या, म्हणजे सोमवार सकाळची गर्दी आणि रात्रीचा बॅकअप ओळखता येतो. मग ‘८० टक्क्यांवर सलग १५ मिनिटं’ असा नियम लावा. इंटरनेट फोन असतील तर एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत हवा. डिपेन्डन्सी (कोणतं डिव्हाइस कशाच्या मागे आहे ते) जरूर लावा, नाहीतर कोअर स्विच पडला की त्यामागच्या प्रत्येक डिव्हाइसचा वेगळा अलर्ट येतो. सगळीकडे एनटीपीही (घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) हवं. घड्याळं जुळली नाहीत तर सिसलॉगमधून (डिव्हाइसच्या नोंदींमधून) आधी काय बिघडलं ते लागत नाही.

अलर्टचा मेल त्याच इंटरनेट लाइनवरून जाणार असेल तर लाइन पडल्यावर तो पोचणारच नाही. जीएसएम मोडेमवरून एसएमएसची सोय करा. मग सुट्टीच्या दिवशी, सांगून-सवरून, मुख्य लाइनची केबल काढा आणि मेसेज किती मिनिटांत येतो ते मोजा.