वहीवरून संगणकावर : किराणा दुकानातल्या माणसांची तयारी

किराणा दुकानात आणलेलं बिलिंग सॉफ्टवेअर महिनाभरात धूळ खात पडतं, तेव्हा दोष क्वचितच यंत्राचा असतो. काउंटरवरच्या पोरांना वाटतं, आता आपली प्रत्येक चूक पडद्यावर दिसणार. दिवाणजींना वाटतं, वही गेली की आपणही गेलो. कुणाला काढायचं नसेल तर संगणक येण्याआधीच सगळ्यांना एकत्र बसवून तसं सांगा. काढायचं असेल तर खोटा दिलासा देऊ नका.

वेळ नीट निवडा. गणपती ते दिवाळी नको, महिन्याचे पगाराचे पहिले दहा दिवसही नकोत. 11 मार्चला सराव सुरू केला तर एप्रिलच्या गर्दीपर्यंत हात बसतो, आणि खाती 1 एप्रिलपासून, म्हणजे नव्या आर्थिक वर्षापासून चालू करता येतात.

31 मार्चच्या रात्री मालाची मोजदाद होते आणि बहुतेक दुकानं इथेच फसतात. मोजणी वहीशी जुळत नाही. जुनी तूट आपल्या अंगावर येईल या भीतीने माणसं आकडे फुगवतात आणि पहिल्याच दिवशी संगणकातली शिल्लक खोटी ठरते. म्हणून मोजणीआधी जाहीर करा : आजपर्यंतच्या तुटीचा जाब कुणालाही विचारला जाणार नाही. तो शब्द पाळा. सुट्या मालात पुड्या बांधताना घट येतेच. साखरेची तीन पोती सगळ्यांसमोर फोडून पुड्या बांधा, घट मोजा आणि तेवढी घट माफ असं ठरवून टाका.

दिवाणजींकडे उधारी सोपवा. कोणतं गिऱ्हाईक कधी पैसे देतं, कुणाला किती मर्यादा, हे त्यांच्याच डोक्यात असतं. त्यांच्या शेजारी बसून ते चढवा. पडद्यावरची अक्षरं मोठी करून द्या.

मालाची नावं काउंटरवर बोलतात तशीच ठेवा : आधी वस्तू, मग प्रकार, मग वजन. नवं नाव तयार करायचा अधिकार एकालाच द्या, नाहीतर ‘तूरडाळ’ आणि ‘तुरडाळ’ असे दोन माल होऊन शिल्लक विभागली जाते.

शिकवायला दुपारची निवांत वेळ घ्या, रोज वीस मिनिटं. पहिला धडा चुकलेलं बिल रद्द कसं करायचं याचा. चूक निस्तरता आली की भीती निम्मी होते. मग बारकोडचा जास्त खपाचा माल, शेवटी सुटा. सुट्या मालाचे संगणकातले क्रमांक काट्याजवळ चिकटवा. कीबोर्डवर हात शिकणाऱ्याचाच असू द्या.

वही आणि संगणक दोन्ही चालवायचं ते एकाच काउंटरवर, फार तर दोन आठवडे. दुहेरी काम लांबलं की माणसं सोपा रस्ता धरतात. वीज जाते तेव्हासाठी वेगळ्या क्रमांकमालिकेचं बिलबुक ठेवा आणि ती बिलं त्याच संध्याकाळी चढवा.

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असावं, मालकाचंही. मालकाने ओळखीच्या गिऱ्हाइकाला संगणकात न चढवता एक कच्ची चिठ्ठी दिली की दुसऱ्या दिवशी सगळेच देतात.

पहिला महिना दुकान बंद करताना दहा मिनिटं रद्द बिलं आणि उणे शिल्लक, म्हणजे शून्याखाली गेलेला माल, पाहा. उणे दिसलं की आधी खरेदीचं बिल चढलंय का ते तपासा, मग दुबार नावं. पोरांना विचारणं सगळ्यात शेवटी.