उल्का की लाव्हा? सामूहिक विलोपनाच्या अभ्यासात उतरण्याआधी

भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला आलेली मुलं पहिल्याच सत्रात विचारतात, "ताई, डायनोसॉर कशानं गेले, उल्केनं की लाव्ह्यानं?" बडोद्यात हा प्रश्न साहजिक आहे. एका दिशेला बालासिनोरजवळचं रैयोली, जिथे डायनोसॉरच्या काळातल्या लॅमेटा नावाच्या खडकांत डायनोसॉरची अंडी आणि राजासॉरस या मांसाहारी डायनोसॉरची हाडं मिळाली. दुसऱ्या दिशेला पावागड, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीचाच डोंगर. दोन्हीकडे सकाळी निघून रात्री जेवायला घरी येता येतं. त्यामुळे सामूहिक विलोपन, म्हणजे थोड्या काळात असंख्य जीवजाती नष्ट होणं, हा विषय घरचा वाटतो आणि मत पटकन बनतं. माझं म्हणणं ऐका, पहिल्या वर्षी बाजू घेऊ नका. एकदा बाजू घेतली की आपल्या बाजूचे पेपर तेवढे जमा होत जातात आणि बाकीचं वाचायचं राहून जातं.

उल्कापाताची मूळ गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९८० साली अल्वारेझ पितापुत्र, असारो आणि मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या चिकणमातीच्या पातळ थरात इरिडियम, म्हणजे पृथ्वीच्या कवचात विरळ पण उल्कांत बराच असलेला धातू, मोजलं, पुढे मेक्सिकोतल्या युकातानमधलं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं चिक्शुलूब विवर पुढे आलं. ते पुन्हा सांगत बसत नाही. मात्र इरिडियम दिसलं की 'उल्का पडली' असं लिहून मोकळे होऊ नका. हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीतून बाहेर पडणाऱ्या वायूंतही इरिडियम सापडलेलं आहे, आणि गाळ फार सावकाश साचत असेल तरी त्याचं प्रमाण वाढतं.

भरवशाचा साक्षीदार म्हणजे शॉक्ड क्वार्ट्झ, उल्केच्या आघातानं आत रेषा पडलेलं क्वार्ट्झ खनिज. तो ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा दगडाचा पातळ काप, ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासलेलं हवं. क्वार्ट्झचा राखाडी कण समोर आला की सूक्ष्मदर्शकाची स्टेज (काप ठेवायची गोल बैठक) हळूहळू फिरवा. आघाताच्या रेषा सरळ, अगदी बारीक आणि एकमेकींना खेटून असतात, आणि एकाच कणात दोन-तीन दिशांनी एकमेकींना छेदतात. डोंगर घडताना पडलेल्या दाबाच्या रेषा जाड, किंचित वाकड्या आणि बहुधा एकाच दिशेच्या असतात. पुस्तकातला फोटो बघून हा फरक कळला असं वाटतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली पहिले कित्येक दिवस कळत नाही. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. जो माणूस विभागात थिन सेक्शन बनवतो त्याच्याशेजारी दुपारी बसत जा. गाईडचं नाव किती मोठं आहे यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे माझं ठाम मत आहे.

आता ज्या जागी मी महिनोन्महिने अडकून पडले होते ती जागा. ती म्हणजे वयाचा आकडा.

जुन्या पुस्तकांत क्रिटेशियस कालखंडाचा शेवट, म्हणजे डायनोसॉर गेले तो काळ, ६.५ कोटी वर्षांपूर्वी दिलेला असतो, नव्यांत ६.६ कोटी. दगड तेच आहेत. मग आकडा का सरकला? आरगॉन-आरगॉन ही दगडाचं वय काढायची पद्धत आहे, खनिजातल्या पोटॅशियमपासून बनलेल्या आरगॉनवरून वय काढणारी. तिच्यात आपला नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवतात आणि त्याच्यासोबत वय माहीत असलेलं एक प्रमाण खनिज ठेवतात. जे वय हाती येतं ते त्या प्रमाणाच्या तुलनेत असतं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं प्रमाण म्हणजे कोलोरॅडोतल्या फिश कॅनियन टफ या ज्वालामुखीच्या राखेच्या खडकातलं सॅनिडीन हे खनिज. १९९८ साली त्याचं वय २.८०२ कोटी वर्षं सुचवलं गेलं, २००८ मध्ये २.८२०१ कोटी. वाण्याकडचं किलोचं वजनच हलकं निघालं तर त्यानं तोललेला सगळा माल चुकतो, तसंच हे आहे. फरक दिसायला जेमतेम ०.६५ टक्का. पण ६.६ कोटींवर तो सव्वाचार लाख वर्षांच्या आसपास जातो. आणि युरेनियम-लेड या दुसऱ्या पद्धतीनं काढलेल्या वयांनुसार दख्खनचा मुख्य उद्रेकच साधारण साडेसात लाख वर्षांत आटोपला. म्हणजे नुसतं प्रमाण बदललं तरी निम्म्याहून जास्त उद्रेक विलोपनाच्या इकडचा तिकडे होतो!

समजा तुम्ही लाव्ह्याचं वय १९९०च्या दशकातल्या पेपरमधून घेतलं आणि विलोपनाच्या सीमेचं वय गेल्या दहा वर्षांतल्या पेपरमधून. तक्ता छान दिसेल. लाव्हा सीमेनंतर काही लाख वर्षांनी आला असं त्यात दिसेल आणि तुम्ही ज्वालामुखीला निर्दोष सोडून द्याल. तो सगळा काळ कागदावरच तयार झालेला असतो. म्हणून प्रत्येक वयापुढे खनिज कोणतं, पद्धत कोणती, प्रमाणाचं वय किती धरलं, क्षयांक (किरणोत्सारी मूलद्रव्य किती वेगानं घटतं तो आकडा) कोणता, अधिक-उणेची चूक एका सिग्माची की तिच्या दुप्पट रुंद, दोन सिग्माची, आणि त्या चुकीत प्रमाणाची अनिश्चितता धरली आहे का, हे लिहाच. यातली एक जरी गोष्ट मिळाली नाही तर ते वय तुलनेला घेऊ नका. नेट परीक्षेच्या तयार नोट्स पास व्हायला पुरतात, पण त्यांत वय एकच असतं आणि पुढे अधिक-उणे काही नसतं. त्या नोट्सवर संशोधन उभं राहत नाही.

हे किती नाजूक आहे ते २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनवर दोन पेपर आले. ब्लेअर शोन यांच्या गटानं प्रवाहांमधल्या लाल बोलमधून, म्हणजे लाल मातीच्या थरांतून, राखेतले झिरकॉन हे खनिजकण काढून युरेनियम-लेडनं वय काढलं. त्यांना विलोपनाच्या काही दहा हजार वर्षं आधी एक मोठा उद्रेक सुरू झालेला दिसला. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजावर आरगॉन-आरगॉन केलं. त्यांच्या मते सुमारे ७५ टक्के लाव्हा सीमेनंतरचा. दोन्ही कामं पहिल्या दर्जाची. झिरकॉन मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, उद्रेकाच्या आधीच तयार झालेला असू शकतो, आणि प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम इतकं कमी असतं की चूक मोठी येते. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा, पुरवण्यांसकट.

इतकं ऐकून निराश झाला असाल तर कच्छमधलं अंजार आठवा. तिथे दोन लाव्हा प्रवाहांमधल्या गाळात इरिडियमचे तीन पातळ थर सापडले, आणि १९९०च्या दशकात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावरून दाखवलं की उल्केच्या आधीच इथे लाव्हा वाहत होता. त्या थरांच्या अर्थावर वाद आहेत, इरिडियम पाण्यानं हललं असेल असंही म्हणतात. पण खाली काय आणि वर काय, हे ठरवायला कुठलंच प्रमाण लागत नाही. हातोडा आणि फील्डबुक घेऊन तुम्हीही ते करू शकता.

आणखी एक सुचवते. दख्खनच्या आधी पर्मियन या डायनोसॉरच्याही आधीच्या कालखंडाचा शेवट वाचा. चीनमधल्या मेईशानला विलोपनाचा काळ ६० हजार वर्षं, अधिक-उणे ४८ हजार, इतका आवळून मोजलाय. सैबेरियन ट्रॅप्सची, म्हणजे सैबेरियातल्या लाव्ह्याच्या थरांची, वयंही त्याच युरेनियम-लेड पद्धतीनं काढलेली आहेत, त्यामुळे तुलना सरळ होते. त्या विलोपनाला जोडता येईल असं उल्केचं सर्वमान्य विवरही नाही. आपल्याकडे काश्मीरमध्ये गुर्युलला हाच काळ खडकांत उघडा आहे. उलट मुंबईजवळच्या समुद्रातल्या 'शिवा' विवरावर प्रबंधाचं शीर्षक ठरवू नका. बहुतेक भूशास्त्रज्ञ ते विवर मानत नाहीत आणि तुमची दोन वर्षं बचावातच जातील.

गाईड निवडताना एकच बघा, तो मूळ आकड्यांची फाईल मागतो का. नुसता आलेख बघून मान डोलावणाऱ्याकडे जाऊ नका, कितीही प्रेमळ असला तरी.

पहिल्या फील्डला रैयोलीहून काही उचलून आणू नका, ती जागा संरक्षित आहे. पावागड मात्र माचीपर्यंत गाडीनं न जाता खालून चढा आणि प्रत्येक प्रवाहाचा तळ आणि माथा वहीत नोंदवा. वर ऱ्हायोलाइट हा फिकट रंगाचा ज्वालामुखी खडक लागेल, जो सह्याद्रीच्या घाटातल्या बेसाल्टच्या रांगांत तुम्हाला असा दिसणार नाही. म्हणून पावागडचं वय महाबळेश्वरच्या प्रवाहांना लावायचं नाही, आणि तिथलं इथे आणायचं नाही.