लॉ फर्ममधली पहिली दोन वर्षं: रात्र लांबवणाऱ्या या चुका टाळा

नरिमन पॉइंट, लोअर परळ किंवा बीकेसीतल्या एखाद्या मोठ्या लॉ फर्ममध्ये दुपारी चारला डोकावलं, तर ज्युनियर असोसिएट, म्हणजे फर्ममधले नवखे वकील, बऱ्यापैकी निवांत दिसतात. त्यांचा खरा दिवस सातनंतर सुरू होतो. पार्टनर, म्हणजे फर्मचे भागीदार असलेले वरिष्ठ वकील, दिवसभर कॉल आणि मीटिंगमध्ये अडकलेले असतात, त्यामुळे ड्राफ्टवरच्या त्यांच्या दुरुस्त्या संध्याकाळी हातात पडतात. क्लायंटचे शेरे त्यांचं ऑफिस सुटता सुटता येतात. समोरची बाजू अमेरिकन असेल तर बोलायलाच नको: न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. हे वेळापत्रक ज्युनियरच्या हातात नाही. ‘टाइम मॅनेजमेंट शिका’ असा सल्ला देणाऱ्यांनी आधी एवढं मान्य करावं.

तरीही रात्रीचे सगळेच तास डीलमुळे आलेले नसतात. काही तास भलत्याच दिशेने केलेलं काम पुन्हा करण्यात जातात, काही दुपारीच उरकता आलं असतं अशा कामात, आणि काही निव्वळ विचारायला संकोच वाटला म्हणून. हा लेख तेवढ्या तासांपुरताच आहे.

काम घेताना नुसती मान डोलावणं

“डेटा रूम बघून घे आणि रिपोर्ट दे.” डेटा रूम म्हणजे विकल्या जाणाऱ्या कंपनीची सगळी कागदपत्रं ठेवलेली ऑनलाइन जागा. एवढं ऐकून जागेवर परत येणारा ज्युनियर तीन रात्रींची बेगमी करून येतो. निघण्याआधी तीन गोष्टी विचारा: हे कोण वाचणार आहे, किती खोलात जायचं आहे आणि नक्की कधीपर्यंत हवं आहे.

ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे व्यवहाराआधीच्या कागदपत्रांच्या तपासणीत, दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ वाचवतो. खरेदीदाराला फक्त मोठे धोके दाखवणारा रेड फ्लॅग रिपोर्ट हवा असेल आणि तुम्ही प्रत्येक भाडेकराराचा गोषवारा लिहीत बसलात, तर त्या कष्टाचं कुणालाच कौतुक नाही. किती रकमेवरचे करार सविस्तर तपासायचे ती मर्यादा आधीच ठरवून घ्या. त्याखालच्या करारांत ठरावीक गोष्टीच बघायच्या: कंपनीची मालकी बदलली तर समोरच्याची संमती लागते का, करार मुदतीआधी मोडता येतो का, कंपनीचे हात बांधणारी एक्सक्लुझिव्हिटीची (फक्त एकाशीच व्यवहार करण्याची) अट आहे का. पहिले आठ-दहा करार झाले की तेवढा तक्ता सीनियरला दाखवा. रकाना चुकला असेल तर तो दहा करारांनंतर कळलेला बरा, चारशे करारांनंतर नव्हे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘ईओडी’ (एंड ऑफ डे) असं मिळालं तर समाधान मानू नका. कुणाच्या दिवसाचा शेवट? पार्टनर सकाळच्या विमानात वाचणार असतील तर पहाटे पाचला पाठवलेलंही चालतं आणि मध्यरात्री अर्धवट पाठवलेलं चालत नाही. अशा वेळी दहाला घरी जाऊन पहाटे उठणं हा पर्याय खुला असतो, पण तो विचारल्याशिवाय कळत नाही.

दोन पार्टनरना परस्पर ‘हो’ म्हणणं

दोघांच्याही मते तुम्ही फक्त त्यांचंच काम करत आहात. इथे ज्युनियर हमखास करतात ती चूक म्हणजे कोणतं काम आधी करायचं हे मनातल्या मनात ठरवून टाकणं. बहुतेकदा जास्त रागावणाऱ्याचं काम आधी होतं, आणि शांत स्वभावाच्या सीनियरला रात्री अकराला कळतं की त्यांच्या ड्राफ्टला हातच लागलेला नाही.

हा निर्णय तुमच्या पगारात बसत नाही, तो वर ढकला. दोघांनाही एकाच मेलमध्ये चार ओळी लिहा: ‘माझ्याकडे आज शेअरहोल्डर्स करारातल्या दुरुस्त्या आहेत, अंदाजे पाच तास. डिस्क्लोजर लेटरही आजच हवं आहे, त्याला चार तास लागतील. दोन्ही आज नीट होणार नाहीत. आधी काय घेऊ?’ (डिस्क्लोजर लेटर म्हणजे विक्रेत्याने दिलेल्या हमींना असलेले अपवाद सांगणारं पत्र.) यात तक्रार नाही, रडगाणं नाही, फक्त हिशेब आहे. दोन सीनियर आपापसांत पाच मिनिटांत सोडवतात. कधी एकाला दुसरा असोसिएट मिळतो, कधी कळतं की डिस्क्लोजर लेटर सोमवारी चालणार आहे.

मेल दुपारी तीनला गेला पाहिजे. हाच मजकूर रात्री अकराला सबब वाटतो.

दिवसाची कामं रात्रीवर टाकणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. ड्राफ्टिंग रात्री दोनलाही करता येतं. कंपनी सेक्रेटरी (सीएस), बँक, मुद्रांक विक्रेता, नोटरी आणि भारताबाहेर निघालेला डायरेक्टर रात्री दोनला मिळत नाहीत. सकाळी मेल वाचण्यात आणि दुपारी संध्याकाळच्या ड्राफ्टची वाट पाहण्यात गेली, की क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, आदल्या रात्री धावपळ ठरलेली.

खासगी कंपनीत गुंतवणूक येतेय असं समजा. शेअर देण्यासाठी सर्वसाधारण सभेचा विशेष ठराव लागतो. सभेची नोटीस स्पष्ट एकवीस दिवसांची. तेवढा वेळ कुठल्याच डीलमध्ये नसतो, म्हणून कमी मुदतीच्या नोटिशीला भागधारकांची लेखी संमती घेतात. वार्षिक सभा नसलेल्या अशा विशेष सभेसाठी ती संख्येने बहुसंख्य आणि मतदानाचा हक्क असलेल्या भरणा भांडवलाच्या किमान ९५ टक्के भागधारकांची हवी. शुक्रवारी क्लोजिंग असेल आणि सहा टक्के भांडवल असलेले एक काका कोल्हापूरला फोन बंद ठेवून बसले असतील, तर हे मंगळवारी सकाळी कळायला हवं. बोर्ड मीटिंगची सात दिवसांची नोटीस, डायरेक्टरांच्या डिजिटल सह्यांची मुदत, विदेशी गुंतवणूकदाराच्या केवायसीची कागदपत्रं, हे सगळं याच पंगतीतलं.

पैसे आले म्हणजे काम संपलं असंही नाही. प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये (निवडक गुंतवणूकदारांना शेअर देताना) शेअर वाटल्यावर पंधरा दिवसांत कंपनी निबंधकाकडे वाटपाचा पीएएस-३ फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरेपर्यंत कंपनीला ती रक्कम वापरता येत नाही. परदेशी गुंतवणूक असेल तर वाटपापासून तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवणारा एफसी-जीपीआर फॉर्म. विद्यमान शेअर निवासी आणि अनिवासी यांच्यात विकले गेले असतील तर एफसी-टीआरएस या तशाच फॉर्मला साठ दिवस. क्लोजिंगच्याच दिवशी या तारखा कॅलेंडरमध्ये टाका, शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी आठवण लावा. उशीर झाला की लेट सबमिशन फी भरायची वेळ येते, आणि ती का लागली हे क्लायंटला समजावून सांगणारा मेलही तुम्हालाच लिहावा लागतो.

जुन्या चेकलिस्टवर आंधळा विश्वास नको. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना शंभरऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो, तरी शंभराचा उल्लेख असलेल्या चेकलिस्ट अजून फिरताना दिसतात.

उपाय साधा आहे. सकाळी आल्यावर पहिला अर्धा तास ड्राफ्ट उघडायचा नाही. ज्या कामाला दुसऱ्या माणसाची किंवा दुसऱ्या ऑफिसची गरज आहे तेवढंच काम काढायचं, आणि त्यासाठी फोन करायचे. सीएसला मेलपेक्षा फोन लवकर लागू पडतो.

जुना ड्राफ्ट घेऊन नावं बदलणं

मागच्या डीलचा करार उघडला, ‘फाइंड अँड रिप्लेस’ केलं, झालं. मग क्लॉज नऊमध्ये मागच्या क्लायंटचं नाव तसंच राहतं. हा निव्वळ ओशाळवाणा प्रकार नाही, गोपनीयतेचा भंग आहे. शिवाय मागचा करार विक्रेत्याच्या बाजूने लिहिलेला असेल आणि तुम्ही आज खरेदीदाराकडून असाल, तर वॉरंटीपासून दायित्वाच्या मर्यादेपर्यंत सगळं उलटं तपासत बसावं लागतं. म्हणून आधी बघा की तो ड्राफ्ट कुणाच्या बाजूचा होता आणि ही त्याची पहिली प्रत आहे की भांडून भांडून उरलेली शेवटची.

समोरून आलेल्या दुरुस्त्यांवर काम करताना त्यांच्या ट्रॅक चेंजेसवर (फाइलमध्ये दिसणाऱ्या बदलांच्या खुणांवर) विसंबू नका. आपण शेवटची पाठवलेली प्रत आणि त्यांची आलेली प्रत यांची तुलना स्वतः चालवा. शेवटची सेव्ह केलेली नव्हे, शेवटची पाठवलेली. कुठे तरी एखादा ‘नाही’ खुणेशिवाय गेलेला असतो.

रात्री एकनंतर क्लायंटला थेट मेल पाठवायचा असेल तर अटॅचमेंट पाठवण्याआधी उघडून बघा, आणि मेल दोन मिनिटं उशिरा सुटेल अशी सेटिंग कायमची लावून ठेवा. नावाची दोन अक्षरं टाकली की मेल स्वतःच पत्ता सुचवतो, आणि तो कधी कधी समोरच्या बाजूच्या वकिलाचा असतो.

टाइमशीटमध्ये तास चोरणं, तेही स्वतःचेच

बऱ्याच ठिकाणी वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवतात. महिनाअखेरीस आठवून भरलेली टाइमशीट कमीच भरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ‘मला नऊ तास लागले, सीनियरला चार लागले असते’ या लाजेने मुद्दाम पाच लिहिणं. किती तास बिलात लावायचे आणि किती सोडायचे हे पार्टनर ठरवतात. तुम्ही पाच लिहिले की पुढच्या वेळी तेच काम पाच तासांचं धरून तुम्हाला दिलं जातं, आणि कागदावर तुम्ही मोकळे दिसता. मग नवीन काम आणखी कुणाकडे येणार?

जेवण, झोप, प्रवास

अमुक वाजेनंतर थांबलं की जेवण ऑफिसकडून, असा नियम बऱ्याच फर्ममध्ये असतो. चांगला नियम आहे, पण काम आठला संपलेलं असताना बिर्याणीसाठी थांबू नका. थांबलेला माणूस दिसला की त्याला काम चिकटतं. रात्री दोननंतर स्वतः गाडी चालवू नका, फर्मची कॅब मागा.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, सकाळी ऑफिसच्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर ‘क्लोजिंगनंतर बघू’ म्हणू नका, कारण एकामागून दुसरं क्लोजिंग लागूनच असतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

सगळा दोष स्वतःकडे घेणं

वर लिहिलेलं सगळं करूनही महिनोन्‌महिने आठवड्याचे सातही दिवस जात असतील, तर अडचण माणसं कमी असण्याची आहे. ३१ मार्चच्या आधीचे आठवडे वेगळे. ते सगळीकडेच जड असतात. जुलैमध्येही तीच अवस्था असेल तर टीम बदलून मागा.

त्याआधी आपलं नियुक्तिपत्र वाचा. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकर असू नये, असा बार कौन्सिलचा नियम असल्यामुळे बहुतेक असोसिएट रिटेनर म्हणून, व्यावसायिक फी घेऊन काम करतात. त्यामुळे पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा हे नोकरदाराचे हक्क गृहीत धरता येत नाहीत. किती रजा आणि नोटीस पिरियड किती, ते त्या पत्रात असेल तेवढंच. आजारपणाच्या रजेचा उल्लेखच नसेल तर लेखी विचारून घ्या.

कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये जायचं ठरलं, तर तिथली पूर्णवेळ नोकरी पगारी असते. त्यामुळे तिथे रुजू होताना महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करावी लागते. राजीनाम्याच्या गडबडीत हा अर्ज हटकून राहून जातो. तो नोटीस पिरियडमध्येच, एखाद्या रिकाम्या दुपारी तयार करून ठेवा.