जुन्या पाममधले पत्ते लिनक्सवर उतरवताना

निपाणीच्या पेढीत किंवा खडेबाजारातल्या दुकानाच्या खणात जुना पाम (खिशात मावणारा जुन्या काळचा छोटा कॉम्प्युटर) सापडला आणि गिऱ्हाइकांचे पत्ते त्यातच असतील, तर आधी सेल बघा. २००४ च्या आधीच्या पामची मेमरी बॅटरीवरच जिवंत राहते. बॅटरी पूर्ण उतरली की पत्ते गेलेच. पाम थ्रीत ट्रिपल-ए मापाचे दोन सेल लागतात. त्यात अजून जीव असेल तर नवे हाताशी ठेवून एका मिनिटाच्या आत बदला. खानापूरकडच्या पावसाळ्यात क्रेडलचे (पाम ठेवून कॉम्प्युटरला जोडायच्या स्टँडचे) संपर्क हिरवे पडतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर दोष सॉफ्टवेअरला लागतो.

लिनक्सवर पायलट-लिंक (पामशी बोलणाऱ्या कमांडांचा संच, ०.१२ किंवा पुढचं) आणि जे-पायलट (पामचे पत्ते पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम) लागतं. तुमच्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारात नसेल तर स्रोतापासून (सोर्स कोडवरून) बांधा. तेव्हा लिब-यूएसबीचा (यूएसबीशी थेट बोलणाऱ्या लायब्ररीचा) पर्याय चालू ठेवायला विसरू नका. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

यूएसबी पाम असेल तर पायलट-एक्सफरला (pilot-xfer, पायलट-लिंकमधली बॅकअपची कमांड) पोर्ट म्हणून 'यूएसबी:' (विसर्गासारखी दोन टिंबं धरून) द्या, पुढे '-बी' आणि रिकाम्या फोल्डरचं नाव. कमांड थांबून राहिली की मग क्रेडलवरचं हॉटसिंक (माहितीची देवाणघेवाण सुरू करणारं) बटण दाबा. बटण दाबेपर्यंत कॉम्प्युटरला पाम दिसतच नाही. निम्मे लोक इथेच 'केबल खराब' म्हणून सोडून देतात.

तरीही जोडणी होत नसेल तर बहुधा कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) 'व्हायझर' मॉड्यूल, म्हणजे पामचा ड्रायव्हर, आधीच पामवर बसलेलं असतं. एक तर ते ब्लॅकलिस्ट करा (आपोआप चालू होऊ देऊ नका), नाहीतर त्याच्याच वाटेने जा: बटण दाबा, डी-मेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) टीटीवाय-यूएसबी ० आणि १ (ttyUSB0, ttyUSB1) हे पोर्ट आले का बघा आणि लगेच कमांड चालवा. सहसा दुसरा पोर्ट चालतो. परवानगी नाकारली तर डेबियन, उबुंटूवर स्वतःला 'डायलआउट' (dialout, पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. दरवेळी सुडो (मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने कमांड चालवणं) वापरलं तर बॅकअपच्या फायली रूटच्या, म्हणजे त्या मुख्य वापरकर्त्याच्या, नावावर पडतात.

सिरीयल (यूएसबीच्या आधीच्या जोडणीच्या) क्रेडलला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर चालतो. वेग आधी ९६०० (बिट दर सेकंदाला) ठेवा, जमलं की ५७६०० करा.

बॅकअप झाल्याशिवाय जे-पायलटचं सिंक (माहिती जुळवायचं) बटण दाबू नका. पुढे जे-पायलटमधून पत्ते व्ही-कार्डमध्ये (पत्त्यांच्या फायलीचा सर्वत्र चालणारा प्रकार) एक्स्पोर्ट करा. ती फाइल मोबाइलही घेतो. अक्षरसंच मात्र आधी यूटीएफ-८ कडे (आजच्या मोबाइल-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरपद्धतीकडे) बदलणारा निवडा. नावं रोमनमध्येच येतील, कारण या पामना मुळात देवनागरी येत नाही, कन्नडही नाही.