हातच्याची बेरीज शिकवताना या चुका टाळा

४७ + २८ चं उत्तर मुलाने ६१५ लिहिलं, की आपण लगेच म्हणतो, "हातचा विसरलास!" पण ते काही विसरलेलं नसतं. सात आणि आठ पंधरा, चार आणि दोन सहा. दोन्ही बेरजा बरोबर करून त्याने त्या शेजारी शेजारी लिहिल्या. एककाच्या घरात एकच अंक बसतो, दहा झाले की त्यांचा दशक होतो, हे त्याला अजून उमगलेलं नाही. अशा वेळी "हातचा एक घे" असं घोकून घेण्यात काहीच अर्थ नाही. काड्या काढा. चार गठ्ठे सात सुट्या, दोन गठ्ठे आठ सुट्या. पंधरा सुट्यांमधल्या दहा मोजून रबर लावायचं काम मुलालाच करू द्या. तो नवा गठ्ठा कुठे ठेवायचा, हे सांगू नका, विचारा. सात गठ्ठे, पाच सुट्या: ७५. मग दशकाच्या डोक्यावर लिहिलेला १ म्हणजे हाच गठ्ठा, हे वेगळं समजवावं लागत नाही.

उत्तर ६५ आलं तर हातचा खरंच राहिलाय. १११ आलं तर पंधरातला १ खाली लिहून ५ हातचा घेतलाय. तीन उत्तरं, तीन वेगळी कारणं! म्हणून खोडरबर हातात घेण्याआधी "हे कसं केलंस?" एवढं विचाराच.

मांडणीतही गफलत होते. ३५२ खाली २६ लिहिताना मूल डावीकडून सुरुवात करतं, २ जातो तीनाखाली आणि उत्तर येतं ६१२. चौकटींची वही घ्या, वर श, द, ए लिहा आणि एककापासून मांडायला लावा.

सलग हातच्याचीच गणितं देऊ नका. मग ४२ + ३५ मध्येही हातचा घेऊन मुलं ८७ लिहितात. हातचा कायम १ च असतो, असाही समज होतो. २८ + ३९ + ४७ सोडवायला दिलं की एककाचे २४ होतात आणि हातचा २ येतो.

आणि उत्तराचा अंदाज आधी तोंडी घ्या. चाळीस आणि वीस साठ, सुटे मिळवून साठाच्या थोडं पुढे. एवढं बोललेलं मूल ६१५ लिहिलं तरी स्वतःच थबकतं.