डावखुऱ्या, लहानखुऱ्या मुलीसाठी एअर रायफल: घ्यायला जाण्याआधीची तयारी

आमची धाकटी डावखुरी. नेमबाजी सुरू केली तेव्हा ती 13 वर्षांची होती, उंची 4 फूट 10 इंच, वजन 38 किलो. इंदूरला ज्या रेंजवर ती जायची तिथल्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या आणि मोठ्या माणसांच्या मापाच्या. "सगळ्या मुली उजव्यानेच मारतात, हीसुद्धा शिकेल," असं ऐकून आम्ही एक उजवी रायफल जुनी म्हणून घेतलीही. आठ महिने लेकीने मान वाकडी करकरून नेम धरला, रात्री पाठ दुखते म्हणायची, आणि आम्हाला वाटायचं सराव कमी पडतोय. ते आठ महिने मला अजून सलतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. विषय 10 मीटर एअर रायफलचा, म्हणजे 4.5 मिलिमीटर छर्ऱ्याचा.

पहिलं काम घरात, दाराच्या कडीकडे बघून करायचं. मुलीला दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसं तिकोनी भोक ठेवायला सांगा, त्यातून कडी बघू द्या आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याला कडी भोकात दिसत राहते, तो तिचा नेमाचा डोळा. हे वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा करा, आणि कशासाठी ते आधी सांगू नका, नाहीतर मुलं ठरवून उत्तर देतात. लिहिणारा हात डावा म्हणजे नेमाचा डोळाही डावाच, असं नसतं. हात डावा आणि डोळा उजवा निघाला, तर नवशिक्या मुलीने डोळ्याच्या बाजूने शिकावं असं माझं मत आहे, कारण रायफलीत हाताचं काम स्थिर धरण्याचं आणि बघण्याचं सगळं ओझं डोळ्यावर. पण हात आणि डोळा दोन्ही डावे असतील, तर मग कुणाचंही ऐकू नका. रेंजवर उजव्या रायफली आहेत, हे मुलीची बाजू बदलण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता मापं. शिवणाच्या डब्यातला टेप पुरतो. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या खळग्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर घ्या. बटप्लेटपासून (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) ट्रिगरपर्यंतची लांबी साधारण तेवढीच लागते. मात्र अंगात शूटिंग जॅकेट आलं की खांद्यापाशी जाडी वाढते, त्यामुळे जॅकेट असेल तर ते घालूनच मापा. आम्ही नुसत्या टी-शर्टवर मापलं आणि नंतर बटप्लेट आत घ्यायला जागाच उरली नाही. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तळहाताचं मापही लिहून ठेवा. ग्रिप, म्हणजे ट्रिगरच्या हाताने धरायची मूठ, लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. लहान हातात मोठी ग्रिप आली, तर बोट ट्रिगरवर सरळ मागे न ओढता तिरपं ओढतं आणि छर्रा बाजूला जातो.

वजनाबद्दल जरा थांबून लिहिते, कारण बहुतेक पालकांची फसगत इथेच होते. नियमाने एअर रायफल जास्तीत जास्त 5.5 किलोची चालते. मोठ्यांच्या रायफली चार ते पाच किलोंच्या, ज्युनिअर मॉडेलं साडेतीन-चार किलोंच्या आसपास. पण काट्यावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उभ्याने मारताना आधाराच्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकलेलं असतं आणि भार हाडांवरून पायांत उतरतो. भार नळीच्या टोकाकडे असला की लहान चणीच्या मुलीला तोल सांभाळायला मागे झुकावं लागतं, आणि तिथून कंबरदुखी सुरू होते. तेव्हा दुकानात टेबलावर दुमडलेला टॉवेल, त्यावर लाटणं, आणि लाटण्यावर रायफल आडवी ठेवून तोल कुठे साधतो ते बघा. तो बिंदू आधाराच्या हाताच्या जागेच्या जवळ असला पाहिजे. लाटणं नेलं म्हणून दुकानदार हसला तर हसू द्या.

उलट टोकालाही जाऊ नका. अगदी हलकी रायफल हृदयाच्या ठोक्याने आणि ट्रिगरवरच्या जराशा झटक्यानेही हलते. हलक्या मॉडेलवर पुढे छोटी वजनं लावता येतात, जड रायफलीतून मात्र फारसं काही काढता येत नाही. 2018 पासून स्पर्धेत मुलींनाही मुलांइतकेच 60 नेम असतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी 75 मिनिटं मिळतात आणि त्याआधी सरावाचे नेम वेगळे. दुकानात दोन मिनिटं पेलली म्हणजे ती तेवढा वेळ पेलेल असं नाही. उभ्याने पंधरा-वीस वेळा उचलून खांद्याला लावायला सांगा आणि शेवटच्या उचलीला चेहऱ्याकडे बघा.

त्याच वेळी डोळे मिटून गाल चीकपीसवर (दस्त्यावरचा गाल टेकवायचा भाग) ठेवायला सांगा, मग डोळे उघडू द्या. मागच्या छिद्रातून पुढची रिंग मधोमध दिसली, तर बसणी बरोबर. मान वाकवून शोधावी लागली तर चीकपीस, बटप्लेट आणि साइटची (नेम धरायचं छिद्र आणि रिंग) उंची बदलून पुन्हा बघा. तरीही जमत नसेल तर ती रायफल तिची नाही.

डावेपणासाठी तीन जागा तपासायच्या: ग्रिप, चीकपीस आणि छर्रा भरायची दांडी. लाकडी दस्ता एका बाजूला कोरलेला असतो, तो उजवा असेल तर उजवाच राहतो. ॲल्युमिनियमच्या दस्त्यांवर बहुधा ग्रिप बदलून आणि चीकपीस फिरवून काम होतं. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अनशुट्झ या रायफल बनवणाऱ्या कंपन्यांकडे डाव्या हाताच्या ग्रिपा मिळतात, पण दुकानात पडून नसतात. आधी फोन करून मागवून ठेवायला सांगा. दांडी उजवीकडे असली तरी एअर रायफलीत तेवढं अडत नाही, कारण प्रत्येक नेमानंतर रायफल स्टँडवर टेकवूनच भरायची असते.

जुनी घेत असाल तर रायफलीच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बहुतेक कंपन्या त्याचं आयुष्य 10 वर्षं धरतात, त्यामुळे दहाच्या जवळ आलेला असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यात मोजा. भरण्याचा दाब बहुधा 200 बार असतो. हातपंपाने तेवढा भरायला शेवटी अंगाचं सगळं वजन पंपावर टाकावं लागतं, आणि 38 किलोंच्या मुलीला ते जमत नाही. आमच्याकडे ते काम तिचे बाबा करतात. रेंजवर मोठा सिलिंडर असेल तर पंप घेऊच नका.

कागदपत्रांचं काम थोडं आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्या, पावती जपा. घरी रायफल कुलपात आणि छर्रे वेगळ्या कुलपात. नळीत सेफ्टीची रंगीत दोरी घातल्याशिवाय ती पेटीबाहेर निघणार नाही, हे पहिल्या दिवसापासून.

जॅकेट डाव्या मापाचंच शिवून घ्या. खांद्याचा रबरी तुकडा आणि बटणांची बाजू उलटी येते, हे शिवणाऱ्याला स्वतः बघून सांगावं लागतं.

एक गोष्ट आम्हाला पहिल्या स्पर्धेच्या दिवशीच कळली. उजवी मुलं सगळी उजवीकडे तोंड करून उभी असतात, आपली मुलगी डावीकडे. तिच्या डावीकडच्या शेजाऱ्याचा चेहरा थेट तिच्या समोर येतो, आणि नेम कुठे लागला ते दाखवणारा मॉनिटर तिच्या पाठीमागे पडतो. सरावाला सगळ्यात डावीकडची लेन मागून घ्या, आणि कधीकधी मुद्दाम मधलीही, म्हणजे समोरच्या चेहऱ्याची सवय होईल.

रायफल घरी आली की बटप्लेट, चीकपीस, साइट यांचे खुणांचे आकडे वहीत तारखेसह लिहा. मुलगी वाढते आहे. आम्ही दर तीन महिन्यांनी टेप काढतो, कोपर ते पेर पुन्हा मापतो, आणि फरक पडला असेल तर आधी एकच स्क्रू हलवतो.