कोडेकच्या या चुका टाळा: फुटेज टाइमलाइनवर आणण्यापूर्वी

‘फुटेज एडिटिंगच्या टाइमलाइनवर येत नाही, काय करू?’ असे विचारत जे माझ्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांनी तोवर सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा बसवलेले असते, कोणी रॅम वाढवलेली असते आणि एका उत्साही मुलाने तर उसने पैसे घेऊन नवे ग्राफिक्स कार्ड आणले होते. फाइलच्या आत काय आहे, हे मात्र यांपैकी कोणीही पाहिलेले नसते. मीडियाइन्फो नावाचे एक मोफत साधन आहे. त्यात फाइल टाकली की कोडेक (म्हणजे चित्र दाबून साठवण्याची पद्धत) कोणता, रंगांची खोली ८ बिट की १०, क्रोमा म्हणजे रंगाचा तपशील ४:२:० की ४:२:२, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) स्थिर की बदलता आणि ऑडिओ कोणत्या प्रकारचा, हे सगळे एका पानावर दिसते. काम आले की प्रत्येक कॅमेऱ्याची आणि प्रत्येक फोनची एकेक क्लिप आधी तिथे उघडायची, ही माझी अनेक वर्षांची सवय आहे. खाली ज्या चुका सांगतो आहे, त्यांतील बहुतेक या अर्ध्या मिनिटात पकडल्या जातात.

सर्वांत जुनी आणि अजूनही न मेलेली चूक म्हणजे फाइलचे एक्स्टेन्शन बदलणे. स्क्रीन रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये झाले, फायनल कट हे एडिटिंग सॉफ्टवेअर ते घेत नाही, म्हणून फाइलच्या नावातले शेवटचे तीन अक्षर पुसून तिथे एमपी४ लिहायचे आणि मग तरीही ती उघडत नाही म्हणून चिडायचे. चकलीच्या डब्यावर ‘लाडू’ अशी चिठ्ठी चिकटवल्याने आतल्या चकल्या गोड होत नाहीत. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही आणि एव्हीआय हे डबे आहेत, एच.२६४, एच.२६५, प्रोरेस, डीएनएक्सएचआर हे आतले पदार्थ आहेत. एकाच एमओव्हीच्या डब्यात प्रोरेस असू शकते आणि एच.२६५ सुद्धा, म्हणून ‘माझी दुसरी एमओव्ही तर उघडते’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. एमकेव्हीच्या बाबतीत दिलासा असा की आतला एच.२६४ बहुधा ठीकच असतो आणि फक्त डबा बदलावा लागतो. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या साधनात फाइल मेनूमध्येच त्यासाठी रीमक्सची, म्हणजे नुसता डबा बदलण्याची, सोय आहे. एफएफएमपेग या मोफत साधनाला ‘कॉपी’ सांगूनही तेच होते. यात चित्र पुन्हा दाबले जात नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि तासाभराची फाइलही बघता बघता तयार होते. यासाठी कन्व्हर्टर लावून तासभर वाट पाहणारे आणि वर चित्राचा दर्जा घालवून बसणारे लोक मी पाहिले आहेत.

आता ज्या चुकीने माझी स्वतःची एक रात्र खाल्ली, तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. एका कीर्तनाचे चित्रीकरण होते, सव्वादोन तासांचे. चित्र फोनवर घेतले होते आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीची टाळी जुळवली, पहिली दहा मिनिटे तपासली, सगळे जागेवर होते. शेवटच्या गजरापर्यंत आलो तेव्हा टाळकऱ्यांचे हात आधी जुळत होते आणि टाळांचा आवाज तीन सेकंदांनी मागून येत होता. माझा पहिला संशय रेकॉर्डरवर गेला, कारण स्वस्त रेकॉर्डरचे घड्याळ थोडे पुढेमागे होते हे अनुभवाने माहीत होते. म्हणून मी आवाजाचा वेग किंचित बदलून शेवट जुळवला. शेवट जुळला आणि मध्य बिघडला. मग दर पाच मिनिटांनी आवाज कापून सरकवण्याचा उद्योग सुरू केला आणि पहाटे तीनपर्यंत तो चालू ठेवला, याची मला आजही लाज वाटते.

डोके ताळ्यावर आले ते अपघाताने. रेकॉर्डरचा ट्रॅक चुकून बंद झाला आणि फोनचा स्वतःचा आवाज ऐकू आला. तोही चित्राच्या मागे होता. एकाच फोनने एकाच वेळी घेतलेले चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळत नसतील, तर बिचाऱ्या रेकॉर्डरचा त्यात काय दोष? मीडियाइन्फोमध्ये पाहिले तर फ्रेम रेटच्या ओळीत ‘व्हेरिएबल’ असे स्वच्छ लिहिलेले होते आणि सरासरी होती २९.९८९. मंडपातला कमीजास्त होणारा प्रकाश, तापलेला फोन, अशा कारणांनी फोन मध्येच एखादी फ्रेम उशिरा घेतो किंवा सोडून देतो. माझ्या सॉफ्टवेअरने मात्र ती फाइल सेकंदाला नेमक्या ३० फ्रेमची धरली होती. सव्वादोन तासांचे ८१०० सेकंद होतात. प्रत्येक सेकंदाला ०.०११ फ्रेम कमी, म्हणजे एकूण सुमारे ९० फ्रेम, म्हणजे बरोबर तीन सेकंद. या फ्रेम सगळीकडे सारख्या प्रमाणात गळालेल्या नव्हत्या, म्हणूनच आवाज एकसारखा ताणून मध्य जुळत नव्हता. रेकॉर्डरच्या घड्याळाचा फरक सरळ रेषेत वाढत जातो आणि बदलत्या फ्रेम रेटचा फरक वेडावाकडा वाढतो, ही खूण लक्षात ठेवली तर माझ्यासारखे जागरण करावे लागणार नाही.

यावर मी आजही एकच उपाय वापरतो. फोनची आणि ऑनलाइन बैठकांची सर्व रेकॉर्डिंगे टाइमलाइनवर नेण्याआधी हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमधून काढतो. तिथे व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३० निवडून खाली ‘कॉन्स्टंट’ला खूण करावी लागते. नेहमीच्या प्रीसेटमध्ये तिथे ‘पीक’ निवडलेले असते, म्हणजे फ्रेम रेट बदलताच राहतो, आणि ते तसेच ठेवले तर सगळी मेहनत वाया जाते. दर्जाचा आकडा मी १६ ते १८ च्या दरम्यान ठेवतो. फाइल फुगते, पण चित्र टिकते. नवी एडिटिंग सॉफ्टवेअरे बदलता फ्रेम रेट सांभाळून घेतात हे खरे आहे, आणि दोन मिनिटांच्या रीलसाठी मीही त्यांच्यावर विसंबतो. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी विसंबत नाही.

दुसरी मोठी तक्रार असते ती फाइल उघडते पण अडखळते, ही. नवा मिररलेस कॅमेरा घेतलेल्यांची ही ठरलेली व्यथा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत १० बिट ४:२:२ एच.२६५ दिसले की ते निवडायचेच, कारण आकडा मोठा आहे. हा प्रकार रंगकामासाठी उत्तम आहे, यात वाद नाही. पण एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बऱ्याच फ्रेम मागच्यापुढच्या फ्रेमवरून हिशेब करून उभ्या कराव्या लागतात, आणि हा हिशेब प्रोसेसरने करायचा की खास सर्किटने, यावर सगळे अवलंबून असते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांमध्ये ४:२:२ उलगडण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून मिळाली. त्याआधीचे कार्ड कितीही महाग असले तरी या कामात हातावर हात ठेवून बसते. त्या उसन्या पैशांच्या कार्डाचे हेच झाले होते. याउलट ११व्या पिढीपासूनच्या साध्या इंटेल प्रोसेसरांतील क्विक सिंक हे खास सर्किट आणि ॲपलच्या एम मालिकेतील चिप हे काम सहज करतात. इंटेल घेताना मॉडेलच्या शेवटी एफ हे अक्षर नाही ना, तेवढे पाहावे. एफ असलेल्या प्रोसेसरात अंगभूत ग्राफिक्सच नसते, त्यामुळे क्विक सिंकही नसते.

यंत्र बदलणे शक्य नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची कामापुरती हलकी नक्कल, करावी. प्रीमिअर आणि रिझॉल्व्ह या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरांत ही सोय आहे आणि मूळ फाइलला धक्का लागत नाही. नवशिक्यांना प्रॉक्सी तयार होईपर्यंतचा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. तेच लोक मग आठ दिवस अडखळत्या टाइमलाइनवर काम करतात आणि हौसेने त्याला मेहनत म्हणतात. मी कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड आले की संध्याकाळी प्रॉक्सी लावून घरी जातो. उलट टोकाची चूक म्हणजे सरसकट सगळे प्रोरेसमध्ये बदलणे. १०८० आकाराचे, २५ फ्रेमचे प्रोरेस ४२२ तासाला सुमारे ५५ जीबी जागा घेते. तीन कॅमेऱ्यांवर आठ तासांचे लग्न असेल तर गुणाकार आपला आपण करावा. आणि बदललेली फाइल मिळाली म्हणून मूळ फाइल पुसणाऱ्याला माझ्याकडे काम मिळत नाही.

एव्हीसीएचडी प्रकारात रेकॉर्ड करणाऱ्या जुन्या कॅमकॉर्डरचे मेमरी कार्ड उतरवताना आतल्या स्ट्रीम फोल्डरमधून फक्त व्हिडिओच्या एमटीएस फाइली उचलू नयेत. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा तुकडे करतो आणि ते सलग कसे जोडायचे याची माहिती इतर फोल्डरांमध्ये असते. ती मागे राहिली की प्रत्येक जोडावर आवाजात बारीक खंड पडतो, आणि तो नेमका मंगलाष्टकांच्या मध्ये पडतो. कार्ड आहे तसे, सगळ्या फोल्डरांसह उतरवावे.

काही चुका एकेका वाक्यात संपवता येतील. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल चालते याचा अर्थ ती एडिटिंगमध्ये चालेल असा नाही, कारण व्हीएलसी फाइल उलगडणारे स्वतःचे डीकोडर सोबत आणते. इंटरनेटवरून कोडेक पॅक उतरवून बसवू नयेत. आजची एडिटिंग सॉफ्टवेअरे ते बहुधा वापरतच नाहीत. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ वाचत नाही, म्हणून तिथे क्लिप न दिसणे हा बिघाड समजू नये. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ दुरुस्त करत बसण्याऐवजी पाठवणाऱ्याला तोच डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगावा. आयफोनवाल्या पाहुण्यांना चित्रीकरणाआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ (म्हणजे एच.२६४) निवडायला सांगावे. काम अर्धे झालेले असताना सॉफ्टवेअर अपडेट करू नये.

शेवटचा मुद्दा जुन्या संग्रहाचा. ॲपलने विंडोजवरील आपल्या क्विकटाइम या व्हिडिओ प्लेअरला २०१६ मध्ये वाऱ्यावर सोडले, प्रीमिअरने २०१८ मध्ये त्या काळातील ३२ बिट कोडेकचा आधार काढला आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनामध्ये तिथलाही दरवाजा बंद झाला. सोरेन्सन किंवा सिनेपॅक अशा त्या काळच्या कोडेकमध्ये साठवलेल्या जुन्या एमओव्ही फाइली त्यामुळे आज ‘खराब’ दिसतात आणि लोक त्या पुसूनही टाकतात. त्या खराब नसतात. एफएफएमपेग त्या अजून वाचते. एखाद्या रविवारी बसून त्या प्रोरेसमध्ये उतरवून घ्याव्यात, आणि आवाजाचा ट्रॅक आला आहे की नाही हे प्रत्येक फाइल शेवटपर्यंत सरकवून पाहावे.